सालीकडचं टोक

माझं काम नेमकं काय आहे हे मी आप्पांना वीस वर्षं सांगत होते आणि वीस वर्षं ते हसत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, जुन्या पनवेलातले सुतार. दारं, चौकटी, देव्हारे, पाट, पाळणे यांत त्यांचा जन्म गेला, आणि घरात सगळीकडे, अगदी पिठाच्या डब्याच्या झाकणावरही, सागाचा भुसा असायचा. मीही सागावरच पोट भरते, पण माझी तऱ्हा निराळी. जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मी मोजते. साग पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतो, म्हणून त्याचं दर वर्षाचं एक वर्तुळ होतं. पाऊस भरपूर झाला तर वर्तुळ रुंद, पावसाने तोंड फिरवलं तर बारीक. माणसांनी पावसाची नोंद ठेवायला सुरुवात केली त्याच्या आधीचा पाऊस असा झाडांकडून काढून घ्यावा लागतो. हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर आप्पांनी एकदा गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली ती अशी: ही आमची मुलगी, लाकडाच्या रेघा मोजते, त्याचा पगार मिळतो.

मला राग पटकन येतो, हा गुण आप्पांचाच. तेव्हाही आला होता. पण त्यांच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला लाकूड वाचायची हौस लागली यात त्यांचा हात होता हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा उजवा हात गेला. सकाळी चहाचा कप उचलायला गेले तर बोटं मिटेनात. कप पडला, आणि काय झालं म्हणून विचारलं तर तोंडातून शब्द वाकडेतिकडे आले. इस्पितळातून आठवड्याने सोडलं तेव्हा बोलणं परत आलं होतं, पाय थोडा ओढत का होईना चालत होता. हात मात्र मनगटापासून लोंबत होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला न घेता त्यांच्यासमोरच सांगितलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे. हात वापराल तर येईल, मांडीवर ठेवाल तर मांडीवरच राहील.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आप्पा पनवेलच्या गल्लीतल्या घरात एकटेच राहत होते. मी त्यांना माझ्याकडे विचुंब्याला आणलं. चौथा मजला, लिफ्ट आहे, समोर आणखी एक इमारत उभी राहते आहे. मी माझ्या संशोधन संस्थेत विनंतीअर्ज करून घरून काम करायची परवानगी मिळवली आणि सूक्ष्मदर्शक आणून जेवणाच्या टेबलावर मांडला. रस्त्यावरून डंपर गेला की भिंगाखालचं वर्तुळ थरथरायचं आणि माझी मोजणी चुकायची. जेवण आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून करायचो.

आप्पांना व्यायामासाठी एक मऊ चेंडू दिला होता. दिवसातून चार वेळा दाबायचा. तो त्यांनी खिडकीत ठेवून दिला. मग मी राजमा आणि काबुली चणे एकत्र करून ताटात दिले, एकेक दाणा वेचून वेगळा करायचा म्हणून. त्यांनी डाव्या हाताने सगळे दाणे पाच मिनिटांत वेगळे केले आणि ताट पुढे सरकवलं. उजव्याने करायचं होतं, मी म्हटलं. त्यावर, मिसळले कोणी, तूच ना, मग निवड आता, असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी तापले. लहान मुलांसारखं वागू नका असं मी म्हणाले, आणखी बरंच काही म्हणाले. उजवा हात डाव्या हाताने उचलून त्यांनी पोटावर ठेवला, दुसऱ्याची वस्तू उचलून ठेवावी तसा. ते बघून माझा राग गेला.

दिवाळीनंतर एका दुपारी मी नमुने घासत बसले होते. झाडाच्या सालीपासून गाभ्यापर्यंत जाणारी लाकडाची अरुंद पट्टी काढतात, तिचा वरचा भाग इतका घासून गुळगुळीत करायचा की बारीकातलं बारीक छिद्र भिंगाखाली दिसलं पाहिजे. पॉलिश पेपर आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग आणखी बारीक. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते नीट येत नाही. आप्पा पलंगावरून बघत होते. बराच वेळ त्यांनी सोसलं. शेवटी म्हणाले, "त्या कागदाला ठोकळा लाव. बोटांनी घासशील तर खड्डे पडतील."

मी एक टाकाऊ पट्टी, ठोकळा आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने त्यांनी ठोकळा धरला, दोनदा फिरवला आणि थांबले, कारण पट्टी हलत होती. ती धरायला दुसरा हात हवा होता. त्यांनी उजवा हात उचलून पट्टीवर आणून ठेवला. नुसता वजनासारखा. मी मान वर केली नाही, भिंगाला डोळा लावून मोजायला लागले, आणि काय मोजलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे कारखाना सुरू झाला. आप्पा सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसायचे, मी टाकाऊ पट्ट्या द्यायचे. आठ-दहा दिवसांत उजवा हात पट्टी दाबून धरायला लागला. महिन्याभरात ठोकळ्यावर आला, वर डाव्याचा आधार. त्यांची तोंडाची टकळीही परत आली. तुमच्या संस्थेत चिकटवायला येत नाही कोणाला, हा डिंक आहे की लापशी, हे असं लाकूड कोणी कापलं त्याला माझ्याकडे पाठव. एकदा मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि त्यांनीच घासलेली पट्टी दाखवली. पावसाळा सुरू होताना साग मोठमोठी छिद्रं करतो, पुढे ती बारीक होत जातात, मग वर्ष संपतं आणि पुन्हा मोठी छिद्रं. आप्पा एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिले. मी एकेक वर्ष बोटाने सरकवत होते.

मग म्हणाले, "म्हणजे जन्मभर मी पावसाळे रंधून टाकत होतो."

मी हसले, ते हसले नाहीत. पुन्हा भिंगाला डोळा लावून बसले. त्या महिन्यात त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावली, ही बातमी त्यांनी मला दिली नाही, मी बघितली.

जानेवारीत गव्हाणहून निरोप आला. उरण रस्त्याला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जागेत सागाची अकरा जुनी झाडं होती. जागेवर इमारत होणार होती आणि रीतसर परवानगी काढून झाडं तोडायची होती. समुद्राच्या इतक्या जवळचा जुना साग मला आजवर मिळाला नव्हता. मी करवतवाल्यांच्या पाठीमागे लागून प्रत्येक बुंध्यातून एक पट्टी कापून घेतली, सालीसकट. म्हातारा खुर्ची टाकून सगळं बघत होता. जाताना मला म्हणाला, "माज्या आज्यानं लावलेली झाडा हायत. कवा लावली ता कोनला म्हायत नाय. तू झाडालाच इचार न मना सांग."

मी कबूल केलं. अवघड काही नव्हतं. झाड तोडलं ते वर्ष आपल्याला माहीत असतं, आणि सालीला टेकलेलं वर्तुळ तोडायच्या आधीच्या शेवटच्या पावसाळ्याचं असतं. तिथून आत मोजत गेलं की प्रत्येक वर्तुळाला त्याचं साल मिळतं. म्हणून सालीकडचं टोक सगळ्यात मोलाचं. ते नसेल तर तुमच्याकडे शंभर पावसाळे असतात, पण त्यातला कोणता कधीचा हे सांगता येत नाही. बुंधे दोन दिवसांत ट्रकमधून गेले, खोडांच्या जागी जेसीबी फिरला. माझ्याकडे अकरा पट्ट्या राहिल्या आणि त्या मी विचुंब्याला आणल्या. संस्थेत ठेवायला हव्या होत्या. पण आप्पांचा हात आता चांगल्या लाकडाला योग्य झाला होता, आणि मला त्यांना चांगलं लाकूड द्यायचं होतं.

फेब्रुवारीत मला दोन दिवस पुण्याला बैठकीला जावं लागलं. शेजारच्या मावशी आप्पांचं जेवणखाण बघणार होत्या. गव्हाणच्या पट्ट्यांपैकी तीन घासायच्या आणि बाकीच्या मी आल्यावर, असं सांगून मी गेले.

परत आले तर आप्पा दारात उभे. मी बॅग ठेवायच्या आत म्हणाले, बघ. टेबलावर अकराच्या अकरा पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या. तीनच सांगितल्या होत्या, पण त्यांना धीर धरवला नव्हता. इतकं सुंदर घासलेलं लाकूड आमच्या संस्थेत मी बघितलेलं नाही. सोनेरी, बोट फिरवलं तर अडत नव्हतं कुठे. सगळ्या पट्ट्यांची टोकं सरळ, काटकोनात कापलेली. आणि सगळ्या नुसत्या गाभ्याच्या. बाहेरचा पांढरा भाग कुठेही नव्हता.

सुतार सागाचा पांढरा भाग ठेवत नाही. त्याला भुंगा लागतो, तो कुजतो, चौकटीत पांढरं दिसलं तर गिऱ्हाईक नाव ठेवतं. लाकूड हातात आलं की आधी साल आणि पांढरं काढायचं, हे आप्पा त्यांच्या वडिलांकडून शिकले होते आणि पुढे पन्नास वर्षं हात आपोआप तेच करत आला होता. टाकाऊ पट्ट्या मी त्यांना दिल्या होत्या त्या सगळ्या आतल्या भागाच्या होत्या, त्यामुळे हा प्रसंग आधी आलाच नव्हता. मी सांगितलंही नव्हतं. सांगायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या धंद्यात ते सांगावं लागत नाही.

"करवत उजव्या हाताने धरली," आप्पा म्हणाले. "मावशींना विचार."

मावशींनी मान डोलावली. गल्लीतल्या घरातून आप्पांनी त्यांच्याकरवी लहान करवत मागवून घेतली होती. कापलेले तुकडे कुठे आहेत हे मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. भुसा आणि तुकडे मावशींनी सकाळीच सुक्या कचऱ्यात दिले होते, गाडी येऊन गेली होती. मी म्हटलं, छान झालंय आप्पा, फार छान झालंय. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी तिथेच बसून राहिले. रडू कशाचं होतं ते मला ठरवता येईना. गव्हाणचा साग गेला होता, आणि आप्पांच्या उजव्या हाताने करवत चालवली होती, आणि दोन्ही एकाच दुपारी.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हात पुन्हा मांडीवर गेला असता असं मला वाटलं. सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते. पुढचे तीन आठवडे मी बिनसालीच्या पट्ट्या मोजत बसले. बारीक-रुंद वर्तुळांचा क्रम ज्यांची वर्षं आधीच माहीत आहेत अशा दुसऱ्या झाडांशी जुळतो का ते बघत होते, पण आमच्या संस्थेकडची झाडं घाटावरच्या जंगलातली, त्यांचा पाऊस वेगळा. दोन ठिकाणी जुळल्यासारखं वाटायचं आणि दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं. आप्पांना नवीन काम देताना मी आता फक्त टाकाऊ पट्ट्या द्यायला लागले. गोड बोलायला लागले. चहा जास्त वेळा करायला लागले.

मार्चमध्ये गव्हाणच्या म्हाताऱ्याचा फोन आला. झाड काय बोलला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं की नक्की सांगता येत नाही, दहा-पंधरा वर्षं इकडे-तिकडे होतील. तो बरं म्हणाला. त्याच्या आवाजातली निराशा मला कळली. फोन ठेवून वळले तर आप्पांचा ठोकळा थांबला होता.

"नक्की का नाही सांगता येत? तू तर म्हणाली होतीस तोडलं त्या वर्षापासून मोजतात."

मी काहीतरी तांत्रिक सांगायला लागले. त्यांनी मधेच विचारलं की तोडलं ते वर्ष लाकडात कुठे असतं. त्यांनी हातातली पट्टी उलटी-सुलटी करून बघितली, टाकाऊ, आतली. मग टेबलावरच्या त्या अकरा सोनेरी पट्ट्यांकडे बघितलं. सुताराला याहून जास्त सांगावं लागत नाही.

चार दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. जेवण डाव्या हाताने केलं. मी समजूत घालत होते, काही बिघडलं नाही आप्पा, चालतं हो, असं म्हणत होते. चौथ्या दिवशी मी तिसऱ्यांदा चालतं हो म्हणाले तेव्हा ते बोलले. आवाज चढवला नाही.

"मी माझ्या हाताखालच्या माणसांना खूप ओरडलोय. चूक झाली की लगेच. ज्याला ओरडायचं मी बंद केलं, त्याला मी मनातून काढून टाकलेलं असायचं. मग तो नुसता येऊन बसायचा आणि मी त्याला चहा द्यायचो." थोडं थांबून म्हणाले, "तू तीन आठवडे मला चहा देते आहेस."

मला शरम वाटली. त्यांचा हात वाचवते आहे असं मी स्वतःला सांगत होते, आणि ज्या माणसाचा तो हात होता त्याला मी कामावरून कमी केलं होतं.

मग मी ओरडले. खरंच ओरडले, गेल्या तीन आठवड्यांचं साचलेलं सगळं. तीन सांगितल्या होत्या तर अकरा कशाला केल्या. विचारल्याशिवाय करवत लावायची नाही एवढंही कळत नाही का. त्या पांढऱ्या भागात माझी वीस-पंचवीस वर्तुळं होती, ती झाडं आता पृथ्वीवर नाहीत, ती मी कुठून आणू. शेजारच्या मावशी दार ढकलून बघून गेल्या. बोलता बोलता मी रडायला लागले आणि तरी थांबले नाही. आप्पा खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं होतं, पण इस्पितळातून आल्यापासून न दिसलेलं दुसरंही काही होतं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

माझं संपल्यावर त्यांनी पट्ट्या मागितल्या. एकेक हातात घेऊन कापलेलं टोक बघितलं, अंगठ्याने चाचपलं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांपासून दूर केलं आणि म्हणाले, हिचं एवढं काढलं. दुसरीचं थोडं कमी. हिच्यात एक गाठ होती म्हणून तिरकं गेलं, वरून एवढं, खालून एवढं. पन्नास वर्षं लाकूड कापलेल्या माणसाला आपण किती काढलं ते आठवतं, हे मला माहीत नव्हतं. मी मोजपट्टी त्यांच्या बोटांमध्ये धरून लिहून घेत गेले. बोटं थरथरत होती, म्हणून प्रत्येक माप तीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा जवळजवळ तेवढंच आलं. तेवढ्या जाडीत किती वर्षं मावतील याचा अंदाज बांधता येतो. त्या अंदाजाने जुळणाऱ्या दोन जागांपैकी एक जागा बाद झाली. माझ्या लेखात ही गोष्ट मी जशी घडली तशी लिहिली आहे, टोक कापलं गेलं आणि माप कापणाऱ्याच्या आठवणीतून घेतलं आहे. गव्हाणच्या म्हाताऱ्याला मी एक साल सांगितलं, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. तेवढं त्याला पुरलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी अकरावं माप लिहून झालं तेव्हा मी वही मिटली. माझा आवाज बसला होता. आप्पांनी पट्ट्या नीट रचल्या, ठोकळा कागदात गुंडाळला, मांडीवरचा भुसा उजव्या हाताने झटकला. खोलीत जायला उठले, दाराशी थांबले. तिथून त्यांच्या पलंगापर्यंत आठ पावलंही नाहीत.

"उद्या किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

नऊला या, मी म्हटलं, आणि उशीर करू नका.